पेटी दुरुस्ती, मंगळवार पेठ, कोल्हापूर: बाबांच्या पेटीचा अनुभव

घरात आजोबा-पणजोबांची पेटी पडून आहे, वाजत नाही आणि टाकवत पण नाही, अशी कोल्हापुरात पुष्कळ घरं असणार. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मंगळवार पेठेतल्या एका पेटीवाल्या मिस्त्रींकडं आमची पेटी दिली होती. काम कसं झालं, किती दिवस लागले, पैसे किती गेले सगळं सांगतो, पण मधेमधे घरचं पण येणार, कारण ते काम आणि त्यावेळी आमच्या घरात जे चाललं होतं ते मला वेगळं काढता येत नाही.

दुकानाचं नाव देत नाही कारण दुकानाला पाटीच नाही. नंबर पण देत नाही, मिस्त्रींनीच तसं सांगितलंय, एकटा माणूस, वय सत्तरीच्या पुढं, हातात आहे तेच उरकत नाही म्हणाले. मिरजकर तिकटीला जाऊन जुन्या भजनी मंडळातल्या कुणालाही पेटीवाले विचारा, दारापर्यंत आणून सोडतील. गाडी मात्र तिकटीलाच कुठंतरी लावा, आत बोळात रिक्षा सुद्धा वळत नाही आणि पेटी उचलून चालायचं म्हणजे दोघं जण पाहिजेत.

आता आमची पेटी. ३९ पट्ट्यांची, म्हणजे सव्वातीन सप्तकं, डबल सुरी, हाताच्या भात्याची, खोकं सागवानी. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, लग्नाच्या आधी त्यांनी ती एका नाटक कंपनीतल्या माणसाकडनं सेकंड हँड घेतली होती. दर रविवारी सकाळी सायकलच्या कॅरेजला बांधून चर्चला न्यायची, उपासना झाली की परत बांधून आणायची, असं त्यांनी चाळीसेक वर्षं केलं. चर्चमध्ये स्वतःचा ऑर्गन होता तरी पण. बाबांचं म्हणणं, कवी ना. वा. टिळकांची भजनं ऑर्गनवर बसत नाहीत, ती पेटी आणि तबल्यावरच म्हणायची. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मग आमच्यासारख्या मंडळीला अभंग-ओवीत देवबापाची स्तुती करायची सोय करून दिली, हे बाबा आम्हाला असं सांगायचे जसं काय टिळक आमचे चुलतेच. पेटीचा पण त्यांना असाच अभिमान. पेटीचं मूळ पॅरिसचं, पण मांडी घालून बसून एका हातानं भाता आणि एका हातानं सूर ही बैठक आपल्या देशानं दिली, म्हणायचे. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत, त्याचा राग तर त्यांना शेवटपर्यंत होता.

घरी रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना. वीज असो नसो, पाहुणे असोत नसोत. बाबा काळी दोनचा सूर धरायचे, आम्ही सगळे गोळा व्हायचो, एक गीत, एक अध्याय, प्रार्थना, मग जेवण. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. ते गेल्यावर पेटी वाजवणारा घरात एकच उरला, माझा मुलगा. आजोबांच्या मांडीवर बसून शिकला. मला येत नाही, दोन गाण्यांच्या पलीकडं माझा हात गेला नाही.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून पार वर मजल मारली, आमच्या शाहूपुरीतल्या घरात गुडघ्याच्या वर पाणी. पेटी मी माळ्यावर टाकली होती त्यामुळं बुडाली नाही, पण आठ-दहा दिवस बंद घरात ओल खात पडली. पट्ट्या फुगून अडकायला लागल्या, भाता फुसफुस करायला लागला. त्यावेळी दुसऱ्या एका गावात एका दुकानात नेली होती, नाव घेत नाही, त्यांनी भात्याच्या चिरांवर चिकटपट्ट्या मारून, आत फेविकॉल ओतून, वरनं चकचकीत व्हार्निश मारून दिली आणि साडेतीन हजार घेतले. चार महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट झाली. मग कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली ती ठेवलीच.

मी स्वतः पॅटर्नमेकर आहे. एकतीस वर्षं उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न केलेत, म्हणजे ज्याच्यावरनं ओतकामाचा साचा करतात तो लाकडी नमुना. लाकडाचं, जोडाचं, मापाचं काम मला बघितल्यावर कळतं, म्हणून ह्या मिस्त्रींबद्दल जे लिहितोय ते नुसतं ऐकीव किंवा भावनेच्या भरात नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं बघा. पेटी घेतली, वाजवून बघितली नाही. सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून भाता पूर्ण भरला, सोडला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. तीन सेकंदांत भाता खाली. म्हणाले, हवा धरत न्हाई. मग झाकण काढलं, पट्ट्या एकेक करून काढून नंबरवारीनं कापडावर मांडल्या, मागं पेन्सिलनं आकडे घातले. पट्ट्यांखालचं चामडं कसरीनं खाल्लेलं, भात्याची स्प्रिंग गंजलेली, सुरांवर हिरवट थर. आणि फेविकॉल. ते बघून एवढंच म्हणाले, "ह्याला हात कुनी लावला?" मी सांगितलं. त्यावर त्या दुकानाबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. बारीक पटाशीनं तो फेविकॉल खरवडायला अर्धा दिवस जाईल, त्याचे पैसे वेगळे पडतील, असं म्हणाले.

मग सुरांची फळी उजेडात धरली. भिंग लावलं. आणि चेहरा बदलला त्यांचा. "जर्मन हाईत," म्हणाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेटीचा जीव म्हणजे हे सूर, पितळेच्या पातळ जिभा, प्रत्येक पट्टीखाली एक, आमच्या डबल सुरीत दोन. आता बहुतेक पेट्यांना गुजरातच्या पालिताण्याचे सूर येतात, ते पण चांगलेच असतात, पण जुन्या काळात जर्मनीहून आलेले सूर ज्याच्या पेटीत आहेत तो माणूस सहसा पेटी विकत नाही. बाबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी माहीत होतं का कुणास ठाऊक.

आणि मग त्यांनी विचारलं, "वाजवनार कोन?"

मी म्हटलं, बाबांची पेटी आहे, होती तशी करून द्या. ते म्हणाले तसं न्हाई, वाजवनार कोन ते सांगा, त्याचा हात कसा हाय, कशासंगं वाजवनार, त्याच्यावर पट्ट्यांचा दाब आन सुरांची पट्टी ठरती. मी गप्प. खरं सांगायचं तर मी पेटी दुरुस्त करून परत कपाटावर ठेवणार होतो.

इथं मला मुलाबद्दल लिहावं लागणार. सव्वीस वर्षांचा आहे, पुण्यात कंपनीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार नाट्यसंगीत, भावगीतांच्या कार्यक्रमात साथीला बसतो. ह्याचा बाप्तिस्मा, दृढीकरण, पहिलं प्रभुभोजन सगळं आमच्याच चर्चमध्ये झालं. दोन वर्षं संडे स्कूलच्या पोरांना गाणी शिकवली त्यानं, नाताळात कॅरल्सला सगळ्यात पुढं हाच. आणि दोन वर्षांपूर्वी एका रविवारी घरी आलेला असताना सकाळी म्हणाला, पप्पा, मी आज येत नाही, आणि पुण्यात पण जात नाही, मनातनं येत नसताना तिथं जाऊन बसणं मला खोटं वाटतं.

त्यानं खरं सांगितलं होतं, पण त्यावेळी मला त्यातलं खरेपण दिसलं नाही. मला मंडळी काय म्हणतील ते दिसलं, पाळकसाहेबांना काय सांगू ते दिसलं, बाबांची सायकल दिसली. मी बोललो बरंच. नको ते पण बोललो. नंतर महिनोन महिने त्याचा फोन यायचा तो मम्मीच्या मोबाईलवर, मी बाजूला बसून ऐकायचो. तेवढ्यात त्यानं एकदा पेटी मागितली, दुरुस्त मी करून घेतो म्हणाला. मी म्हटलं, पुण्यात कुठल्याही चर्चमध्ये नाव घाल, उपासनेत वाजव, मग ने. तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. परत मागितली पण नाही.

मिसेस त्यावेळी मला म्हणाली होती, आजोबांनी त्याला शिकवताना कुठली अट घातली होती? मी उत्तर दिलं नाही.

तर त्या दिवशी दुकानात मिस्त्री माझ्याकडं बघत बसलेले आणि मी म्हटलं, मुलगा वाजवणार. बोलून गेलो. ते म्हणाले, मग त्याला इचारा कुठल्या पट्टीला लावू. त्यांनी एक काटा काढला, तो लोखंडी, आपटला की वाजतो तो, आणि त्याच्याबरोबर आमच्या पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा कशीबशी वाजवून दाखवली. दोन्ही एकत्र वाजले की आवाज थरथरत होता, लाटा आल्यासारखा. मिस्त्रींनी मोबाईलवर पण मोजून दाखवलं. काटा ४४० चा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, आमची पेटी ४३४. सेकंदाला सहाचा फरक, म्हणून सेकंदाला सहा लाटा. एकटी वाजवली तर काही कळत नाही, पण दुसऱ्या वाद्याबरोबर बसली की लगेच कळतं. आजचे कीबोर्ड, बासरी, गिटार सगळे ४४० ला. बाबांच्या काळी कोण बघत होतं, पेटी हीच मुख्य, बाकीचे तिला धरून.

मी विचारलं, वर नेता येते का? येते म्हणाले, सुराच्या टोकाशी कानस लावली की सूर वर चढतो, बुडाशी लावली की उतरतो. पण घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. परत उतरवायचं म्हटलं तर बुडाशी घासावं लागतं, म्हणजे सूर दोन्हीकडनं बारीक होणार, पहिल्यासारखा होणार नाही. नाहीतर दुसरा मार्ग, पालिताण्याचा नवीन सेट टाकतो, ४४० ला लावलेलाच येतो, जुने जर्मन सूर डबीत घालून देतो, जपून ठेवा. त्याचे साडेतीन-चार हजार जादा.

मला दुसरा मार्ग एकदम पटला. बाबांचे सूर जसेच्या तसे डबीत, माझ्या कपाटात, आणि त्याला नवीन सूर. वाटलं, सगळ्यांचं समाधान झालं.

संध्याकाळी फोन केला. मम्मीच्या मोबाईलवरनं नाही, माझ्या. त्यानं उचलला आणि पहिलं वाक्य, "मम्मी बरी आहे ना?" मी म्हटलं बरी आहे, पेटीचं विचारायचंय. पलीकडं काही वेळ काहीच आवाज नाही. मग मी सगळं सांगितलं, ४३४, काटा, लाटा, कानस, जर्मन सूर. तो एकदम बोलायलाच लागला. फ्रान्समध्ये १८५९ साली ४३५ ठरवला होता, ४४० नंतर १९३९ साली लंडनमध्ये ठरला, आपले सूर बहुतेक त्या जुन्या पट्टीच्या जवळचे असणार, म्हणून आजोबांबरोबर गाताना घसा ताणावा लागायचा नाही, वगैरे वगैरे. वीस-पंचवीस मिनिटं. दोन वर्षांत आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो. मला त्यातलं निम्मं कळलं, पण मी फोन ठेवू दिला नाही.

शेवटी मी म्हटलं नवीन सेट टाकूया, आजोबांचे सूर डबीत ठेवू. तो म्हणाला, "नको पप्पा. सूर आजोबांचेच राहू देत. ते ४४० ला लावून घ्या. डबीत ठेवून कुणाला ऐकू येणार?"

मी लगेच हो म्हटलं नाही. मिस्त्रींना आठवडाभर थांबा म्हटलं, ते म्हणाले घाई न्हाई, तवर भाता करतो.

तो आठवडा मला जड गेला. त्या रविवारी योगायोगानं चर्चमध्ये लूकचा पंधरावा अध्याय होता, हरवलेल्या मुलाचा दाखला. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलाय, आणि आमच्यात त्यावर उपदेश झाला की तो नेहमी शेवटच्या भागावर, पोरगा परत येतो, बाप धावत जातो, अंगठी, झगा, मेजवानी. त्या दिवशी मी पहिल्याच ओळींवर अडकलो. धाकटा म्हणतो माझा वाटा द्या, आणि बाप देतो. पुढं काही नाही. कुठं जाणार विचारलं नाही, अट घातली नाही, वर्षातनं एकदा येऊन जा म्हटलं नाही. वाटा दिला आणि जाऊ दिलं. मागं माणूस पण पाठवला नाही. पण तो दूर असतानाच बापाला दिसला म्हणजे बाप रस्त्याकडं बघत बसलेला असणार ना, रोज. मी हे दोन्ही एकत्र कधी धरलंच नव्हतं. मला वाटायचं रस्त्याकडं बघायचं तर दोरी हातात पाहिजे.

माझा मुलगा काही उधळ्या नाही, हे स्पष्ट सांगतो. कष्ट करून खातो, कुठलं व्यसन नाही, आईला दर महिन्याला पैसे पाठवतो. त्याच्या विश्वासाचं त्याच्यात आणि देवात काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि मी त्याच्यासाठी रोज रात्री आठला नाव घेऊन प्रार्थना करतो, ती सोडलेली नाही आणि सोडणार पण नाही. पण मी एकतीस वर्षं पॅटर्न केलेत. पॅटर्न करताना लोखंड थंड होऊन आकसणार हे धरून मीटरला दहा मिलिमीटर जास्त ठेवतो, का, तर शेवटी निघणारं कास्टिंग ड्रॉइंगबरोबर जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर रिजेक्ट. तीच मोजपट्टी घेऊन मी घरी पण बसलो होतो, आणि ड्रॉइंग माझं पण नव्हतं, बाबांचं होतं.

आमच्या कोल्हापुरातल्या मंडळीची सुरुवात १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब इथं आले तिथनं सांगतात. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच कोल्हापुरात जन्मला, पण त्याचं नाव झालं ते अमेरिकेत, तिकडच्या कॉलेजच्या पोरांमध्ये केलेल्या कामामुळं. बाबा ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. त्या आठवड्यात मला ती सारखी आठवत होती.

शनिवारी दुकानात गेलो आणि म्हटलं, कानस लावा. ४४० ला घ्या.

त्यांनी मला बसू दिलं, एवढं मोठं काम असताना गिऱ्हाईक समोर बसलेलं सगळ्यांना चालत नाही. काळ्या कापडावर सुरांची फळी, सुराखाली पातळ पत्री सरकवायची म्हणजे जीभ वाकत नाही, मग टोकाशी कानस, अगदी हलकी, दोन वेळा फिरवायची की थांबायचं. फळी भात्यावर ठेवून वाजवायचं, ऐकायचं, परत काढायचं, परत दोनदा. एका सुराला आठ-दहा वेळा असं. लाटा सहाच्या चार होतात, चाराच्या दोन, मग एक लांब लाट, आणि मग एकदम सपाट, काटा कुठला आणि पेटी कुठली कळत नाही. पहिला सूर जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि हे अठ्ठ्याहत्तर वेळा करायचं. डबल सुरीत तर एका पट्टीचे दोन्ही सूर आपापसात पण जुळले पाहिजेत. मोबाईलवर ते फक्त शेवटी बघून घेतात, लावतात कानानं. दुपारपर्यंत अकरा सूर झाले. कापडावर पितळेची भुकटी पडली होती, सगळी गोळा केली तरी चिमूटभर भरली नसती. मी तिच्याकडं बघत होतो. एवढंच काय ते गेलं.

मिस्त्री फार बोलत नाहीत. मी विषय काढला म्हणून एवढं समजलं की तरुणपणी ते केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोगाच्या आधी जाऊन पेट्या लावून द्यायचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते थिएटर जळालं तेव्हा खासबागेच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते, पहाटे घरी आले. पुढं काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही. भिंतीवर त्यांच्या एक जुना फोटो आहे गोविंदराव टेंब्यांचा, पेटी म्हणजे काय हे कोल्हापूरला ज्यांनी दाखवलं ते, त्याला रोज उदबत्ती लागते.

आता तक्रारी, कारण खोटं कौतुक करायचं नाही. तीन आठवडे सांगितले आणि सात लागले, मी थांबवलेला आठवडा धरून. फोन उचलत नाहीत, उचलला तर ऐकू येत नाही, त्यामुळं दरवेळी समक्ष जावं लागतं, आणि दोनदा मी गेलो तर कुलूप. पावती देत नाहीत, वहीत लिहून ठेवतात, आपणच फोटो काढून घ्यायचा. सुरुवातीला सहा-साडेसहा हजार म्हणाले होते, शेवटी सात हजार सहाशे झाले. भाता पूर्ण नवीन, पुठ्ठा चामडं स्प्रिंग सगळं, बावीसशे. पट्ट्यांखालचं चामडं, फेल्ट आणि फेविकॉल काढायची मजुरी धरून सोळाशे. सूर साफ करून लावायचे तीन हजार, त्यातच एक चिरलेला सूर होता तो त्यांच्याकडच्या जुन्या पेटीतला जर्मनच काढून बसवला, त्याचे वेगळे घेतले नाहीत. पॉलिशचे आठशे, चपड्याचं, हातानं. हे पॉलिश मला तरी पसंत पडलं, जुनं लाकूड जुनंच दिसतं, पण ज्यांना नव्यासारखी चमक पाहिजे त्यांनी आधी बोलून घ्या. पैसे रोख द्यावे लागतात.

काम मात्र असं की मी माझ्या धंद्यात असं काम करणारी चार माणसं बघितली असतील. भाता भरून सोडला तर आता तेवीस सेकंद धरतो, मी घड्याळ लावून मोजलं. पट्ट्या हलक्या, सगळ्यांचा दाब सारखा, कुठलीही अडकत नाही. नेताना मला म्हणाले वाजवून बघा, मी मला येतं तेवढं एक भजन वाजवलं. आवाज बाबांच्याच पेटीचा, तोच गोड आणि थोडा अनुनासिक, पण पट्टी किंचित वर. ज्याला माहीत नाही त्याला कळणार नाही. मला कळली. दोन-तीन ओळींनंतर कळायची बंद झाली.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी रात्री मुलगा आला. मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, पेटी झालीय, येऊन घेऊन जा. चर्चचं काही नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं उपासनेला गेलो, तो घरी राहिला. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच पेटी ऐकू यायला लागली, नाट्यसंगीत वाजवत होता, भरून. आधीचा मी असतो तर दार उघडतानाच म्हटलं असतं, रविवारच्या दिवशी हे काय. मी फाटकाशी थांबलो, मिसेस पण थांबली, शेजारच्या काकी गॅलरीत येऊन उभ्या. गाणं संपेपर्यंत आम्ही आत गेलो नाही. मग मटण आणलं होतं ते झालं, पांढरा रस्सा त्यानंच केला.

रात्री आठला प्रार्थनेला बसलो. मी त्याला बस म्हटलं नाही, पेटी घे म्हटलं नाही, मिसेसनं पण नाही. तो येऊन बसला. पेटी ओढली, काळी दोनचा सूर धरला, आजोबा धरायचे तसा, नुसता सूर, आणि आम्ही दोघांनी गीत म्हटलं. तो गायला नाही. सूर शेवटपर्यंत धरून होता.

सोमवारी सकाळी कोयना एक्सप्रेसनं गेला. मिसेसनं जुन्या नऊवारीची पेटीच्या मापाची गोधडीसारखी खोळ शिवून दिली होती, बरोबर कांदा-लसूण चटणीचा डबा. स्टेशनवर पेटी मी उचलायला गेलो तर म्हणाला असू दे पप्पा, मी घेतो. गाडी हलल्यावर मला कळलं की घरात ती कपाटावरची जागा आता मोकळी दिसणार. दिसतेय पण. काही ठेवलेलं नाही तिथं अजून.

तर पेटी द्यायची असेल तर जरूर द्या, पण जायच्या आधी वाजवणार कोण ते ठरवून जा, कारण तो प्रश्न ते पहिल्याच दिवशी विचारतात. सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात देऊ नका, चामडं आणि गोंद वाळायला वेळ लागतो, आमचा उशीर थोडा त्यामुळं पण झाला. आणि नव्यानं लावलेले सूर सहा महिन्यांत थोडे सरकतात, एकदा परत आणून दाखवा, त्याचे पैसे घेत नाही, असं मिस्त्रींनी सांगितलंय. मुलाला तसं कळवलंय. नाताळात घेऊन येतो म्हणालाय.